बाकांवरची कुळं

इंग्लंडमध्ये श्रॉपशर परगण्यात, श्रूजबरी शहराच्या उत्तरेला काही मैलांवर मिडल नावाचं खेडं आहे. १७०० साली तिथला रिचर्ड गफ हा पासष्टीतला शेतकरी गावचा इतिहास लिहायला बसला. लहानपणी लॅटिन शिकलेला, तरुणपणी एका जमीनदाराकडे कारकुनी केलेला माणूस. पहिल्या भागात त्यानं रीतीप्रमाणे गावाच्या हद्दी, जमीनदार, चर्च आणि तिथले धर्मगुरू यांची माहिती लिहून काढली. दुसऱ्या भागात मात्र त्यानं असं काही केलं, जे तोवर फारसं कुणाला सुचलं नव्हतं. चर्चमधल्या बाकांचा नकाशा काढून कोणत्या बाकावर कोणत्या शेताचा आणि घराचा हक्क आहे ते त्यानं नोंदवलं, आणि मग एकेक बाक घेऊन त्यावर बसणाऱ्या घराण्यांच्या हकिगती सांगितल्या.

इतिहासाची प्रकरणं राजांवरून पाडतात, लढायांवरून पाडतात. गफनं ती बाकांवरून पाडली. त्याला हे का सुचलं, ते बाकाचीच कुळकथा पाहिली की उमगतं.

मध्ययुगातल्या इंग्लंडमध्ये खेड्यातल्या चर्चला बाकं नसतच. लोक उभे राहत, गुडघे टेकत, नाहीतर जमिनीवर बसत. काही चर्चमध्ये भिंतीच्या कडेनं दगडी कट्टा असे, त्यावर म्हातारेकोतारे टेकत. हळूहळू लाकडी बाकं येऊ लागली आणि बाकांबरोबर भांडणंही आली. एक्सेटरचे बिशप पीटर क्विव्हिल यांनी १२८७ साली नियम घालून दिला की उमराव आणि चर्चचे आश्रयदाते सोडून कुणीही चर्चमधली जागा आपली म्हणू नये, जो आधी येईल त्यानं हवं तिथे बसावं. कारण उघड होतं. एकाच जागेवर दोघे हक्क सांगत आणि त्या वादापायी प्रार्थनाच खोळंबे.

बाकाला इंग्रजीत ‘प्यू’ म्हणतात. तो शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याचं मूळ लॅटिनमधल्या ‘पोडियम’ या शब्दात आहे. पोडियम म्हणजे उंचवटा, चौथरा. म्हणजे बाक ही नुसती टेकायची सोय नव्हती, उंच मानाची जागा हा अर्थ शब्दाच्या मुळातच होता.

सोळाव्या शतकात धर्मसुधारणा झाली आणि प्रवचनाला महत्त्व आलं. प्रवचन लांबलचक, ऐकायला बसणं भागच. चर्च बाकांनी भरून गेलं. पुढे बाकांना चहूबाजूंनी लाकडी भिंती आल्या, दार आलं. थंडीचा झोत अडायचा आणि शेजारच्याची नजरही. काही बड्या जमीनदारांच्या बाकांत तर शेकोटीसुद्धा असे.

मग बाक कुणाचं? कायद्यानं चर्चमधल्या जागा वाटून देण्याचा अधिकार बिशपच्या वतीनं चर्चच्या पंचांकडे असे. पण बिशपचा लेखी परवाना असेल किंवा पिढ्यान् पिढ्यांची वहिवाट दाखवता आली, तर जागेचा हक्क एखाद्या घराला कायमचा चिकटे. हक्क घराला, माणसाला नव्हे. घर दुसऱ्याकडे गेलं की त्याच्याबरोबर बाकही जाई. मराठीत ‘कूळ’ म्हणजे घराणं आणि ‘कूळ’ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाराही. मिडलच्या बाकांवर हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी बसत.

मिडलमधली अनेक शेतं तीन आयुष्यांच्या पट्ट्यानं दिलेली असत. पट्ट्यात तिघांची नावं घालायची, बहुधा नवरा, बायको आणि मुलगा. तिघांतलं शेवटचं माणूस जिवंत असेपर्यंत जमीन त्या घरात राहणार. एक नाव गळलं की पैसे भरून नवं नाव घालायचं. पैसे नसले किंवा घरात साथ शिरली, तर जमीन हातची जाई, आणि जमिनीपाठोपाठ रविवारची जागाही.

गफच्या नकाशात गावाची उतरंड स्पष्ट दिसते. पुढे जमीनदार आणि मोठे शेतकरी, मधे बेताची शेती असलेले, मागे आणि दक्षिणेच्या दाराजवळ झोपडीवजा घरांतले लोक. ही मांडणी आपोआप झालेली नव्हती. राल्फ किनॅस्टन धर्मगुरू असताना गावाची सभा भरली होती. चर्चची पट्टी न भरणारे लोक आणि पोरंटोरं पुढच्या जागा अडवून बसतात आणि गावातली प्रतिष्ठित मंडळी त्यांच्या मागे, हे शोभत नाही, अशी सभेपुढची तक्रार होती. पट्टी भरेल त्याला मान, हा हिशेब तिथे उघडपणे मांडला गेला. पुढे पुन्हा वाद उभा राहिला तर कुणाची जागा कोणती ते लेखी असावं, हाही गफच्या नकाशामागचा हेतू होता.

पण लेखणी हातात असली की माणूस हक्काच्या नोंदीवर थोडाच थांबतो! अमक्या बाकावर अमक्या शेताचा हक्क, एवढं लिहून झालं की गफला त्या शेतावर राहून गेलेली माणसं आठवू लागतात. एका बाकाशी एल्क्स घराण्याचं नाव जोडलेलं आहे. त्यातल्या ह्यू एल्क्सला कळलं की एका शेजाऱ्याच्या घरात बरीच रोकड आहे. रविवारी घरची माणसं चर्चला गेलेली पाहून तो साथीदारांसह तोंड झाकून आत शिरला. घरात एकटी मोलकरीण चीज करत होती. तिनं त्याला ओळखलं, म्हणून त्यानं तिचा गळा चिरला. त्याचा कुत्रा मागोमाग आला होता, तो घरातच राहिला. चर्चहून परतलेल्या लोकांना मोलकरणीचं प्रेत दिसलं, आणि चीज खाऊन टम्म फुगलेला कुत्राही. कुत्रा कुणाचा ते ओळखू आलं आणि एल्क्स फासावर गेला.

सगळ्याच हकिगती इतक्या भीषण नाहीत. एक जोडपं रोज दारूच्या गुत्त्यावर जाई, आणि लवकरच त्यांच्या गाईही त्याच वाटेनं गेल्या, म्हणजे उधारीपायी विकल्या गेल्या. दुसऱ्या एका गड्याला शेजाऱ्यांच्या कुंपणातली लाकडं चोरून भट्टी पेटवायची खोड होती. एका नोकरानं सुक्या काठीला भोक पाडलं, त्यात बंदुकीची दारू ठासली, वर खुंटी मारली आणि ती काठी कुंपणात खोचून ठेवली. काठी यथाकाल भट्टीत पोचली. भट्टीचा माथा उडाला आणि घराच्या एका टोकाला आग लागली. गफ हे सांगतो तेव्हा त्याला हसू आवरत नसावं.

राजाची गोष्टही या पुस्तकात येते, पण बाकावर बसून दिसेल तेवढीच. १६४२ साली राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटलं. मिडलच्या टेकडीवर सैन्यभरतीची दवंडी पिटली जाणार होती. सात-आठ वर्षांचा गफ ती गंमत बघायला गेला. भाले जमिनीत उभे रोवलेले, एक माणूस कागद हातात धरून उभा. राजासाठी लढेल त्याला आठवड्याला चौदा ग्रोट पगार मिळेल, असं त्यानं वाचून दाखवलं. ग्रोट म्हणजे चार पेन्सचं नाणं. मिडल, मार्टन आणि न्यूटन या तीन वस्त्यांतून वीस जण गेले. त्यातले तेरा युद्धात मेले, असं गफ मोजून सांगतो. मोठ्या इतिहासात या तेराजणांना जागा नाही.

राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानं १५३८ साली फर्मान काढल्यापासून इंग्लंडच्या प्रत्येक चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवली जाई. गफनं ती वहीही चाळली होती. पण वहीत माणूस आयुष्यात दोन-तीनदाच येतो, तारखेपुरता. मधल्या वर्षांत त्यानं काय कमावलं, काय उधळलं, हे तिथे मिळत नाही. गफच्या बाकांवर ते मिळतं. तो एकाच घराण्याची वंशावळ लिहीत बसला असता तर जमीन टिकवलेल्यांचंच पुस्तक झालं असतं. बाक धरून लिहिल्यामुळे जमीन गमावून निघून गेलेलेही त्यात आले. स्थानिक इतिहास लिहिण्याची याहून चांगली युक्ती मला माहीत नाही.

बाकांचं पुढे काय झालं? एकोणिसाव्या शतकात त्यांच्याविरुद्ध चळवळ उभी राहिली. पैसेवाल्यांनी पेटीसारख्या बंद बाकांत बसावं आणि गरिबांनी मागे ताटकळावं, हे देवळाला शोभत नाही, असं जॉन मेसन नील यांच्यासारख्यांचं म्हणणं होतं. नील यांनी १८४१ साली बाकांचाच एक इतिहास लिहिला. पुढच्या काही दशकांत अनेक चर्चमधल्या त्या दारांच्या पेट्या मोडल्या गेल्या आणि साधी, सर्वांसाठी मोकळी बाकं आली. बिशप क्विव्हिल यांनी सांगितलेली गोष्ट अमलात यायला सहाशे वर्षं लागली.

गफ १७२३ साली वारला तेव्हा त्याचं पुस्तक हस्तलिखितच होतं. ते पहिल्यांदा छापलं गेलं १८३४ साली, तेही अपुरं. पूर्ण मजकूर हाती यायला १८७५ साल उजाडलं.