परीक्षा शुल्क : माफी आणि परतावा

दहावी व बारावीच्या परीक्षांना बसण्यासाठी शुल्क भरावे लागते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा सहा ते चौदा वर्षे वयोगटापुरता, म्हणजे आठवीपर्यंतच्या शिक्षणापुरता आहे. शालान्त परीक्षेचे शुल्क त्याच्या कक्षेबाहेर राहते. त्यामुळे गरीब विद्यार्थ्यांची भिस्त शासनाच्या स्वतंत्र सवलतींवर आणि समाजाच्या दातृत्वावर असते.

शुल्काचे स्वरूप

महाराष्ट्रात या परीक्षा १९६६ मध्ये स्थापन झालेले राज्य मंडळ आपल्या नऊ विभागीय मंडळांमार्फत घेते. २०२५ च्या परीक्षेसाठी नियमित विद्यार्थ्यांचे शुल्क दहावीला ४२० वरून ४७० रुपये, तर बारावीला ४४० वरून ४९० रुपये करण्यात आले. प्रात्यक्षिक, गुणपत्रिका आदींचे आकार वेगळे असतात. नमुना क्रमांक १७ भरून खासगीरीत्या बसणाऱ्यांना नावनोंदणीचा खर्चही सोसावा लागतो.

शहरी मध्यमवर्गाला ही रक्कम किरकोळ वाटेल. मात्र ती भरण्याची वेळ साधारणतः सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात येते. दुष्काळी भागात खरीप हातचे गेलेले असते. ऊसतोड मजूर मुलांना आजी-आजोबांकडे ठेवून कारखान्यांच्या वाटेला लागलेले असतात. मुदत टळली की विलंब शुल्काची भर पडते. ज्याच्याजवळ पैसे नाहीत, त्यालाच अधिक भरावे लागते.

सवलती कोणाला?

अनुसूचित जाती व अन्य मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी शासनाच्या शिक्षण व परीक्षा शुल्काच्या योजना आहेत. दुष्काळ जाहीर झालेल्या भागात जमीन महसुलातील सूट, शेती कर्जाच्या वसुलीस स्थगिती यांसोबत परीक्षा शुल्काच्या माफीचाही समावेश असतो. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यातील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, तेव्हा हीच सवलत लागू झाली. पुढच्याच महिन्यात आणखी १,०२१ महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर करून तेथेही सवलती देण्यात आल्या.

माफी की परतावा?

तथापि, 'माफी' हा शब्द फसवा आहे. व्यवहारात विद्यार्थी आधी शुल्क भरतो. नंतर शाळेने माहिती पाठविल्यावर ते त्याच्या वा पालकांच्या बँक खात्यात परत मिळते. खाते नसेल, त्याचा तपशील चुकला असेल किंवा शाळेने माहितीच पाठविली नसेल, तर परतावा रखडतो. मूळ अडचण मात्र त्याही आधीची आहे. शुल्क भरण्याच्या दिवशी पैसे नसतील, तर काही महिन्यांनी मिळणाऱ्या परताव्याचा उपयोग काय?

दिल्लीचा अनुभव

शासनाने शुल्क परस्पर मंडळाकडे भरणे, हा यावरचा दुसरा मार्ग. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१९ मध्ये पाच विषयांचे शुल्क सर्वसाधारण गटासाठी ७५० वरून १,५०० रुपये केले, तेव्हा दिल्ली सरकारने आपल्या शाळांतील विद्यार्थ्यांचा भार उचलला. करोनाच्या वर्षी मात्र निधीअभावी त्याने हात आखडता घेतला. शुल्कमाफीसाठी केलेली याचिका नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. सवलत ही कायद्याने मिळालेला हक्क नसून शासनाचा निर्णय आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

मदत करताना

व्यक्ती वा संस्थांना साहाय्य करावयाचे असल्यास ते आवेदनपत्रे भरण्याच्या मुदतीपूर्वी, मुख्याध्यापकांमार्फत करणे उपयुक्त ठरते. गरजू विद्यार्थ्यांची माहिती वर्गशिक्षकांना असते. नावे चारचौघांत जाहीर न करता शुल्क भरता येते. दुष्काळी भागात पुढे परतावा मिळाला, तर शाळा व पालकांच्या संमतीने त्यातून पुढील वर्षासाठी छोटा निधी उभा राहू शकतो. पुनर्परीक्षार्थींकडेही लक्ष हवे; एकदा अनुत्तीर्ण झालेल्या मुलासाठी पुन्हा शुल्क भरण्यास घर सहसा राजी नसते आणि शिक्षण तेथेच थांबते.