वाल्डम्यूलर आणि व्हिएन्नाची कला-अकादमी

एकोणिसाव्या शतकातील ऑस्ट्रियन चित्रकारांत फेर्डिनांड गेओर्ग वाल्डम्यूलर (१७९३–१८६५) ह्याची गणना बहुधा बीडरमायर कालखंडाचा, म्हणजे १८१५ ते १८४८ ह्या काळातील मध्यमवर्गीय गृहस्थी अभिरुचीचा, प्रतिनिधी म्हणून केली जाते. त्याची कुटुंबचित्रे आणि ग्रामजीवनाची दृश्ये पाहून तो स्वस्थचित्त, राजमान्य कलावंत असावा असा ग्रह होतो. वस्तुस्थिती निराळी आहे. ज्या अकादमीत तो अध्यापक होता, तिच्याच शिक्षणक्रमाशी त्याने उघड वैर धरले. आणि हे वैर त्याच्या चित्रकलेपासून वेगळे काढता येत नाही.

व्हिएन्नात जन्मलेल्या वाल्डम्यूलरचे शिक्षण तेथील अकादमीतच झाले. पुढे कित्येक वर्षे त्याने चित्रसंग्रहांतील जुन्या आचार्यांच्या कृतींच्या प्रतिकृती केल्या. १८१९च्या सुमारास एका कॅप्टनने आपल्या आईचे व्यक्तिचित्र ‘ती आहे तशीच’ काढून मागितले. ह्या मागणीने आपले डोळे उघडले, असे त्याने पुढे स्वतःच नमूद केले आहे. १८२३ मध्ये लाइप्झिगच्या ब्राइटकॉफ उंट हेर्टेल ह्या प्रकाशनसंस्थेसाठी त्याने बेटहोव्हेनचे व्यक्तिचित्र रंगविले. पुढे प्राटर उद्यानातील वृक्ष आणि झाल्त्सकामरगूट प्रदेशातील डोंगर ह्यांच्या चित्रांतही हीच प्रत्यक्षनिष्ठ दृष्टी आढळते.

१८२९ मध्ये तो अकादमीत प्राध्यापकपदी आला. विद्यार्थ्याने वर्षानुवर्षे प्राचीन शिल्पांचे साचे आणि इतरांची चित्रे गिरवीत बसावे, ही तेथील पद्धती त्याला निष्फळ वाटे. १८४६ च्या पुस्तिकेत त्याने प्रारंभापासूनच निसर्गाचा आणि सजीव नमुन्याचा अभ्यास हवा असे प्रतिपादन केले. १८५७ च्या पुस्तिकेत तर अकादमीच बंद करावी, येथपर्यंत त्याची मजल गेली. परिणामी त्याच वर्षी त्याला सक्तीने निवृत्त करण्यात आले व निवृत्तिवेतनही घटविण्यात आले. सम्राट फ्रान्स योझेफने त्याच्यावरील हा ठपका दूर केला, तो मृत्यूच्या थोडेच आधी.

तथापि ‘फ्रोनलाइखनाम्समॉर्गेन’ हे सणाच्या सकाळचे प्रसिद्ध चित्र ह्याच १८५७ सालातील आहे. त्यातील प्रखर सूर्यप्रकाश हे त्याच्या पुस्तिकेतील प्रतिपादनाचे जणू प्रात्यक्षिकच होय. पुढील वर्षीच्या ‘क्लोस्टरझुपे’मध्ये मठात अन्नासाठी जमलेले दरिद्री जन दिसतात. बीडरमायर म्हणजे केवळ सुखी गृहस्थीचे चित्रण, ही समजूत येथे टिकत नाही.

परंतु त्याचा सिद्धान्त जसाच्या तसा स्वीकारणेही इष्ट नाही. निसर्ग हाच एकमेव गुरू, असे म्हणणाऱ्या ह्या चित्रकाराचा हात घडला होता तो प्रतिकृतींच्या दीर्घ सरावात. त्याच्या ग्रामदृश्यांतील आकृतींची मांडणीही सहजदृष्ट नसून योजनापूर्वक केलेली आहे. अधिकाऱ्यांनी हे प्रकरण शिस्तभंगाचे मानून मिटविले. परंपरेचा अभ्यास आणि प्रत्यक्षाचे निरीक्षण ह्यांत अग्रक्रम कोणास द्यावा, हा मूळ प्रश्न मात्र त्या शिक्षेने सुटला नाही. वाल्डम्यूलरचे ऐतिहासिक महत्त्व हा प्रश्न रोखठोकपणे मांडण्यात जितके आहे, तितकेच स्वतःच्या चित्रांनी त्याची गुंतागुंत दाखवून देण्यातही आहे.