मिठाचा रेणू कसा नाहीसा झाला

सोडियम आणि क्लोरीन यांच्या एकेका अणूची जोडी, म्हणजे मिठाचा रेणू, ही युरोपीय रसायनशास्त्रातील समजूत मोडायला एक शतक लागले. हम्फ्री डेव्ही याने १८०७ मध्ये लंडन येथे कॉस्टिक सोड्यातून विद्युतप्रवाह सोडून सोडियम वेगळे केले, तेव्हाच रासायनिक आकर्षणाचे मूळ विद्युतेत असावे हा तर्क बळावला. द्रावणातून विद्युतभार वाहून नेणाऱ्या कणांना मायकेल फॅरडेने १८३४ मध्ये ‘आयन’ म्हटले. मात्र हे कण प्रवाहामुळेच सुटे होतात, असे तो मानत असे.

मीठ पाण्यात विरघळताच, प्रवाहाची वाट न पाहता, आयनांत विभागते हे मत स्वांते आऱ्हेनियस याने १८८७ मध्ये स्पष्टपणे मांडले. साखरेच्या तुलनेत तेवढ्याच मोल-प्रमाणातील मीठ पाण्याचा गोठणबिंदू जवळजवळ दुप्पट खाली आणते, हा त्याचा भक्कम आधार होता. त्याच्या १८८४ च्या प्रबंधाला उप्साला विद्यापीठाने खालची श्रेणी दिली होती, यात निव्वळ आकस पाहणे अन्यायाचे ठरेल. पाण्याशी भडकून क्रिया करणारे सोडियम आणि विषारी क्लोरीन मिठाच्या पाण्यात निमूटपणे वावरतात, हे कोणाला पटावे? अणू आणि त्याचा आयन यांचे गुणधर्म सर्वस्वी भिन्न का असतात, हे इलेक्ट्रॉनचा शोध १८९७ मध्ये लागेपर्यंत सांगताच येत नव्हते.

ते उत्तर वाल्थर कोसेल याने १९१६ मध्ये दिले. सोडियमच्या ११ इलेक्ट्रॉनांपैकी बाह्यतम कवचातील एकटा इलेक्ट्रॉन गेला की धन आयन उरतो, तो क्लोरीनने घेतला की त्याच्या बाह्य कवचातील सातांचे आठ होऊन ऋण आयन बनतो, आणि या विरुद्ध भारांमधील आकर्षण म्हणजेच आयनिक बंध. सोडियम इलेक्ट्रॉन आपण होऊन देऊन टाकते, असे पाठ्यपुस्तकांतून सूचित होते, ते मात्र बरोबर नाही. तो काढण्यास लागणारी ऊर्जा क्लोरीनकडून मिळणाऱ्या ऊर्जेहून अधिक असते, आणि ही तूट असंख्य आयन स्फटिकात एकत्र येताना मुक्त होणाऱ्या ऊर्जेतून भरून निघते.

त्या स्फटिकाची रचना ब्रॅग पितापुत्रांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने १९१३ मध्येच उलगडली होती: प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन आणि प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम, म्हणजे कोणाची कोणाशी जोडी लावावी असा प्रश्नच उरत नाही. तरीही हेन्री आर्मस्ट्राँग या ज्येष्ठ ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने १९२७ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकातून या बुद्धिबळाच्या पटासारख्या मांडणीचा कडवट निषेध केला.