गळ्यातली सहा अक्षरं

आमचे चाचा मोहल्ल्याच्या मक्तबमध्ये मुलांना कायदा शिकवायचे. हा कायदा कोर्टकचेरीचा नव्हे, अरबी अक्षरओळखीचं पुस्तक. मीही त्यांच्याकडेच शिकलो. त्यांना स्वरयंत्राचा कॅन्सर निघाला आणि पूर्ण स्वरयंत्र काढावं लागलं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पाटीवर पहिला प्रश्न लिहिला: माझी नमाज होईल का?

होते. फिकहच्या किताबांत मुक्या माणसाचा प्रश्न फार जुना आहे. ज्याला बोलताच येत नाही, त्याच्यावरून किरातची सक्ती उठते. त्याने नुसती जीभ हलवावी की तेही नको, एवढ्यावरच उलेमांत मतभेद. चाचांना हे माझ्याहून जास्त माहीत होतं. तरी त्यांनी विचारलं. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचे उच्चार सुधारले, त्याचं दुःख मसल्याने कसं मिटणार?

तजवीदमध्ये सहा अक्षरं 'हलकची', म्हणजे गळ्याची मानतात: हम्जा, छोटी हे, ऐन, बडी हे, गैन आणि खे. आठव्या शतकात बसऱ्याच्या सीबवैहने गळ्याचे तीन भाग पाडून ही अक्षरं त्यांत बसवली. सगळ्यात खोल हम्जा आणि हे. पुढे इब्न सीनाने (मृत्यू 1037) अक्षरं कशी उमटतात यावर एक छोटा रिसाला लिहिला. हकीम असल्यामुळे त्याने त्यात स्वरयंत्राची रचनाच सांगितली. तीन कूर्चा, त्यांपैकी एकीला तर 'बिननावाची' असंच नाव! रिसाल्याच्या शेवटी तो म्हणतो की ही अक्षरं माणसाच्या तोंडाबाहेर, वस्तूंच्या हालचालींतूनही ऐकू येऊ शकतात. मला हे वाक्य पूर्वी नुसतं मजेचं वाटायचं.

ते खरं ठरायला आठशेहून जास्त वर्षं लागली. 31 डिसेंबर 1873 रोजी व्हिएन्नात थिओडोर बिलरोथने कॅन्सरसाठी पहिल्यांदा पूर्ण स्वरयंत्र काढलं. रुग्ण 36 वर्षांचा होता आणि पेशाने धर्मशिक्षक. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो. बिलरोथचा सहकारी गुसेनबाउअर याने त्याच्यासाठी धातूची पट्टी बसवलेलं कृत्रिम स्वरयंत्र बनवलं. आवाज एकसुरी होता, पण तो बोलू लागला. काही महिन्यांत कॅन्सर उलटला आणि तो गेला.

जर्मनीचा कैसर तिसरा फ्रेडरिक याला तेवढंही मिळालं नाही. शस्त्रक्रिया करावी की नाही यावर जर्मन डॉक्टर आणि इंग्रज डॉक्टर मॉरेल मॅकेंझी यांच्यात वाद झाला. शेवटी फेब्रुवारी 1888 मध्ये श्वासासाठी गळ्याला भोक पाडावं लागलं. मार्चमध्ये तो गादीवर आला आणि 99 दिवस चिठ्ठ्या लिहून राज्य केलं. जूनमध्ये वारला.

स्वरयंत्र काढल्यावर श्वासनलिका मानेवरच्या भोकाला जोडतात. तोंड, जीभ, ओठ जागच्या जागी, पण फुफ्फुसातली हवा तिथे पोहोचतच नाही. मग काही लोक हवा गिळून अन्ननलिकेतून ढेकरेसारखी सोडत बोलायला शिकले. नंतर गळ्याला लावायचं विजेचं यंत्र आलं. चाचांनी आधी तेच घेतलं. ते सारखं घुमतं, त्यामुळे 'काय' म्हटलं की 'गाय' ऐकू येतं. मक्तबची मुलं हसली. चाचांनी यंत्र खिशात घातलं आणि दोन आठवडे मक्तबकडे फिरकले नाहीत. मुलांना मी रागावलो, पण चूक माझीही होती. आधी त्यांना समजावून सांगायला हवं होतं.

1980 मध्ये अमेरिकेत सिंगर आणि ब्लॉम यांनी श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये बसणाऱ्या एकेरी झडपेची पद्धत प्रसिद्ध केली. मानेवरचं भोक अंगठ्याने बंद केलं की फुफ्फुसातली हवा झडपेतून वर येते, घशाच्या भिंती थरथरतात आणि आवाज निघतो. गुसेनबाउअरची धातूची पट्टी आता लागत नाही. पण झडप कायमची नसते, बदलावी लागते, आणि बाहेरून येणारी झडप हजारोंत जाते. बेंगळुरूचे सर्जन डॉ. विशाल राव यांनी सुमारे 50 रुपयांत पडणारी झडप तयार केली, तिचं नाव 'ओम'. नाव काहीही असो, ज्याला दर वेळी पैसे जमवावे लागतात त्याला या आकड्याची किंमत कळते.

चाचांना झडप बसली. आवाज खरखरीत आहे, पण त्यांचा आहे. जिभेची आणि ओठांची अक्षरं जवळजवळ पूर्वीसारखी आली. खे मेहनतीने आला, गैन बरा. छोटी हे मात्र येत नाही. तिची जागाच कापून गेली आहे, आणि 'अल्हम्दु'मधली बडी हेही अडखळते.

ते आता पुन्हा असरनंतर मक्तबमध्ये बसतात. एक अंगठा मानेवर, दुसऱ्या हातात छडी, फळ्यावर दाखवायला. 'हे'ची ओळ आली की छडीने दोनदा टकटक करतात. मी शेजारच्या खोलीत उर्दूच्या वह्या तपासत असतो. उठून जातो, ती ओळ म्हणतो आणि परत येतो. परवा माझी हे त्यांना वरवरची वाटली. त्यांनी मान हलवली, स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवून जागा दाखवली आणि मला ती ओळ पुन्हा म्हणायला लावली.