हरम ते माल्टा

मंडाले म्हटले की आपल्याला लोकमान्य टिळक आठवतात. अंदमान म्हटले की काळे पाणी आठवते. शाळेच्या पुस्तकांनी ही दोन नावे आपल्या मनावर कोरून ठेवली आणि ते योग्यच झाले. पण माल्टा म्हटले की काय आठवते? उर्दूशी नाते टिकवून असलेल्या घरांत ‘असीर-ए-माल्टा’ म्हणजे माल्टाचा कैदी, हे शब्द कधीतरी कानांवर पडतात. मराठी शाळांत शिकलेल्या आपल्या मुलामुलींना मात्र भूमध्य समुद्रातले हे बेट आणि आपला स्वातंत्र्यलढा यांचा काही संबंध आहे, हेच ठाऊक नसते. दोष त्यांचा नाही. आपण ही गोष्ट त्यांना त्यांच्या भाषेत कधी सांगितलीच नाही.

गोष्ट मौलाना महमूद हसन यांची आहे. १८५१ साली बरेलीत जन्मलेले मौलाना हे देवबंदच्या दारुल उलूमचे पहिले विद्यार्थी. १८६६ मध्ये छत्ता मशिदीच्या अंगणात डाळिंबाच्या झाडाखाली तो मदरसा सुरू झाला, तेव्हा शिकवणारे मुल्ला महमूद आणि शिकणारे महमूद हसन, एवढाच त्याचा पसारा होता. पुढे ते त्याच संस्थेचे मुख्य अध्यापक झाले. हदीस शिकवण्यात त्यांचे आयुष्य गेले. देहाने किरकोळ, राहणीने साधा असा हा माणूस. इंग्रज सरकारला त्याची भीती का वाटावी?

याचे उत्तर देताना आपण भाबडेपणा करू नये. मौलाना निव्वळ दुवा करत बसले होते आणि सरकारने त्यांना उगाच पकडले, असे लिहिणे सोपे आहे, पण ते खरे नाही. पहिले महायुद्ध सुरू होताच इंग्रजांच्या अडचणीचा फायदा घेऊन देश मोकळा करावा, अशी योजना त्यांनी आखली. त्यांचे शिष्य उबैदुल्ला सिंधी १९१५ मध्ये काबूलला गेले. तिथे १ डिसेंबर १९१५ रोजी हिंदुस्थानचे हंगामी सरकार स्थापन झाले. राजा महेंद्र प्रताप अध्यक्ष, भोपाळचे मौलवी बरकतुल्ला पंतप्रधान आणि उबैदुल्ला गृहमंत्री. हिंदू राजा अध्यक्ष आणि देवबंदचा मौलवी त्याचा मंत्री, ही गोष्ट १९१५ सालची आहे, हे जरा थांबून लक्षात घ्यावे. मौलाना स्वतः सप्टेंबर १९१५ मध्ये मुंबई बंदरातून जहाजाने हिजाजला निघाले. हज करायची होतीच, पण तुर्कांची मदतही मिळवायची होती. मक्केत त्यांनी तुर्की सुभेदार गालिब पाशा यांची भेट घेतली आणि त्यांच्याकडून पाठिंब्याचे पत्र मिळवले. १९१६ मध्ये मदिनेत अन्वर पाशा आणि जमाल पाशा यांचीही भेट झाली.

जुलै १९१६ मध्ये उबैदुल्ला सिंधींनी काबूलहून मौलानांना या कामाचा तपशील कळवणारी पत्रे लिहिली. ती पिवळ्या रेशमी कापडावर लिहिलेली होती, म्हणून इतिहासात या चळवळीला ‘रेशमी रुमाल’ हे नाव पडले. पत्रे मौलानांपर्यंत पोहोचलीच नाहीत. ऑगस्टमध्ये ती पंजाबात सरकारच्या हाती पडली. धरपकड सुरू झाली. ज्यांच्या नावे पत्रे होती, ते मात्र दूर मक्केत होते.

मक्केतही आता वारे फिरले होते. जून १९१६ मध्ये शरीफ हुसैन यांनी इंग्रजांच्या मदतीने तुर्कांविरुद्ध बंड पुकारले होते. या बंडाला धर्माचा शिक्का हवा होता. त्यासाठी एक फतवा तयार झाला. तुर्कांना काफिर ठरवावे आणि शरीफांचे बंड योग्य म्हणावे, असा त्याचा आशय होता. तो सहीसाठी मौलानांपुढे आला. त्याच्या मथळ्यात हरममध्ये शिकवणाऱ्या मक्केच्या उलेमांचा उल्लेख होता. मौलाना म्हणाले, मी मक्केचा नाही आणि हरममध्ये शिकवतही नाही, मग मी सही कशी करू? ही झाली कायद्यातली पळवाट. खरे कारण सगळ्यांनाच समजत होते. राजकीय सोयीसाठी कलमा पढणाऱ्या लोकांना काफिर ठरवायला ते तयार नव्हते. सही केली असती तर कदाचित ते सुखरूप राहिले असते. त्यांनी केली नाही.

इंग्रजांना हा माणूस हवाच होता. शरीफांना आता नकाराचे निमित्त मिळाले. डिसेंबर १९१६ मध्ये मौलानांना पकडण्याचा हुकूम सुटला. मौलाना काही काळ लपून राहिले. त्यांना हजर केले नाही तर त्यांच्या सोबत्यांना गोळ्या घालू, अशी धमकी आली, तेव्हा ते बाहेर आले. त्या वेळी त्यांच्या अंगावर एहराम होता. मौलवी हुसैन अहमद मदनी हे मदिनेत मशिदे नबवीत शिकवणारे त्यांचे शिष्य. त्यांना वेगळ्या तुरुंगात ठेवले होते. मला माझ्या उस्तादांबरोबर पाठवा, अशी मागणी त्यांनी स्वतःहून केली. हकीम नुसरत हुसैन, सरहद्दीकडचे मौलवी उजैर गुल आणि मदनींचे पुतणे वहीद अहमद हेही बरोबर होते. या पाच जणांना जेद्दाहला नेऊन इंग्रजांच्या हवाली करण्यात आले.

हरम म्हणजे अमनाची जागा. तिथे शिकार करायला मनाई, झाड तोडायला मनाई. पाखरालाही जिथे पनाह आहे, तिथून पासष्ट वर्षांच्या एका आलिमाला उचलून परक्या सत्तेच्या ताब्यात दिले गेले.

अशा वेळी आपल्याला हबशाची आठवण होते. मक्केतल्या जुलमाला कंटाळून पैगंबर साहेबांचे साथी समुद्र ओलांडून हबशाला गेले, तेव्हा कुरेशांनी नजराणे देऊन आपली माणसे नजाशीच्या दरबारात धाडली. आमचे पळालेले लोक आमच्या ताब्यात द्या, एवढीच त्यांची मागणी होती. नजाशी ख्रिस्ती राजा होता. त्याने आधी निर्वासितांचे म्हणणे ऐकून घेतले आणि मग त्यांना सोपवायला नकार दिला. नजराणे परत केले. इतिहासाचा हा आरसा आपण नीट पाहावा. निर्वासितांना आसरा देणारा परधर्मी होता आणि आलिमाला सोपवणारा मक्केचा शरीफ होता. न्याय कोणाच्या हातून होईल हे नावावरून किंवा वंशावरून ठरत नाही.

तुर्कांचेही तसेच होते. मदनी इकडे तुर्कांचे मित्र म्हणून कैद झाले आणि तिकडे मदिनेत त्यांच्या वडिलांना व भावांना तुर्कांनीच संशयावरून एड्रियानोपलला पाठवले, कारण हे कुटुंब मूळ हिंदुस्थानचे, म्हणजे इंग्रजांच्या प्रजेतले. वडील तिथेच वारले. एकाच घरावर दोन सत्तांनी एकच अन्याय केला.

जानेवारी १९१७ मध्ये कैद्यांना इजिप्तमध्ये गीझाच्या तुरुंगात आणले गेले. प्रत्येकाला वेगळ्या कोठडीत ठेवून जबाब घेतले गेले. इंग्रज अधिकाऱ्यांपुढे हिंदुस्थानातून आलेली कागदपत्रे होती. आपल्याला फाशी होणार, अशीच प्रत्येकाची समजूत होती. फाशी झाली नाही, पण खटलाही झाला नाही. फेब्रुवारीत त्यांना माल्टाला पाठवण्यात आले. तिथल्या छावणीत जर्मन, ऑस्ट्रियन, तुर्क असे सुमारे तीन हजार युद्धकैदी होते. युद्धात एकही गोळी न झाडलेले हे पाच हिंदुस्थानी त्यांत होते.

माल्टाच्या थंडीत तीन वर्षे गेली. हकीम नुसरत हुसैन तिथेच वारले आणि तिथल्याच मातीत त्यांना दफन केले गेले. मदनींनी कैदेत कुरआन पाठ केला. मौलानांनी कुरआनचे उर्दू भाषांतर तिथे पुरे केले. त्याच्या टिपा अपुऱ्या राहिल्या, त्या पुढे मौलाना शब्बीर अहमद उस्मानींनी पूर्ण केल्या. आज अनेक घरांत हे भाषांतर आदराने ठेवलेले असते. त्याची शेवटची पाने कैदेत लिहिली गेली, हे ते वाचताना किती जणांच्या मनात येत असेल?

आणि खटला? तो मौलानांच्या माघारी कागदावर चालला. १९१८ च्या रौलेट समितीच्या अहवालात रेशमी पत्रांची हकीकत सविस्तर आली. सरकारने आपली बाजू छापून घेतली. ज्यांच्यावर आरोप होता, त्यांना बोलायला जागा नव्हती. टिळकांना १९०८ मध्ये शिक्षा झाली ती अन्यायाची होती, पण मुंबईच्या न्यायालयात उभे राहून ते आपली बाजू मांडू शकले. त्यांचा आवाज आजही आपल्यापर्यंत पोहोचतो. मौलानांना ती संधीही मिळाली नाही. विनाचौकशी हद्दपारीचे दुःख हेच असते. माणूस तर जातोच, पण त्याची बाजूही त्याच्याबरोबर जाते.

इथे आम्हाला आणखी एक नाव घ्यावेसे वाटते, जे अशा लेखात सहसा घेतले जात नाही. ८ जुलै १९१० रोजी विनायक दामोदर सावरकरांनी मार्सेय बंदरात जहाजातून उडी मारली आणि फ्रान्सचा किनारा गाठला. फ्रेंच शिपायाने त्यांना पुन्हा इंग्रजांच्या हवाली केले. प्रकरण हेगच्या लवादापुढे गेले. फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल लागला. सोपवण्यात नियमभंग झाला खरा, पण इंग्लंडवर कैदी परत देण्याचे बंधन नाही! त्यांच्या पुढच्या विचारांशी आपले मुळीच पटत नाही आणि ते लपवण्याचे कारणही नाही. पण किनाऱ्याला लागलेल्या माणसाचे म्हणणे ऐकल्याशिवाय त्याला सोपवू नये, हे तत्त्व मार्सेयला खरे असेल तरच ते मक्केत खरे ठरते. आपल्या माणसापुरते मागितलेले तत्त्व हे तत्त्व नसते, ती केवळ सवलत असते.

जगाने हे हळूहळू शिकून घेतले. १९५१ च्या निर्वासितविषयक कराराच्या ३३ व्या कलमाने सांगितले की, जिथे जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे तिथे निर्वासिताला परत ढकलू नये. १९८४ च्या छळविरोधी कराराने छळाच्या धोक्याबाबत हीच मनाई केली. ब्रिटन सरकार कर्मजितसिंग चहल या शीख कार्यकर्त्याला राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणावरून भारतात धाडू पाहत होते. १९९६ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने ते रोखले. माणसावरचा आरोप कितीही गंभीर असो, छळाचा धोका असलेल्या ठिकाणी त्याला पाठवता येत नाही, असा त्या निकालाचा अर्थ आहे. आपल्या देशाने मात्र १९५१ च्या करारावर सही केलेली नाही. छळविरोधी करारावर १९९७ मध्ये सही केली, पण त्याला अद्याप मंजुरी दिलेली नाही. ज्या देशाच्या थोर माणसांनी मंडाले, अंदमान आणि माल्टा भोगले, त्या देशाने या बाबतीत सर्वांच्या पुढे असायला हवे होते.

८ जून १९२० रोजी मौलाना मुंबई बंदरात उतरले. पाच वर्षांपूर्वी याच बंदरातून ते निघाले होते. खिलाफतवाल्यांनी त्यांचे स्वागत केले, ‘शेखुल हिंद’ ही पदवी दिली. आता त्यांचा मार्ग बदलला होता. परक्या फौजांवरची भिस्त संपली होती. त्यांनी असहकाराला पाठिंबा दिला आणि देशातील हिंदू-मुसलमानांच्या एकीचा आग्रह धरला. मुसलमानांच्या पडझडीची दोन कारणे माल्टाच्या एकांतात आपल्याला कळली, असे ते सांगत. एक, कुरआन सोडून देणे आणि दुसरे, आपसातली फूट. २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढला जामिया मिलियाची स्थापना झाली, तेव्हा ते इतके आजारी होते की त्यांचे भाषण दुसऱ्याने वाचून दाखवले. ३० नोव्हेंबरला दिल्लीत डॉ. अन्सारींच्या घरी त्यांचे निधन झाले. सुटकेनंतर त्यांना सहा महिनेही मिळाले नाहीत.

२०१३ मध्ये भारत सरकारने रेशमी रुमाल चळवळीवर टपाल तिकीट काढले. चांगले झाले. पण तिकिटाएवढ्या जागेत ही गोष्ट मावत नाही. कोणीतरी सत्तेला न रुचणारे बोलतो, कोणीतरी त्याला दुसऱ्या सत्तेच्या हाती सोपवतो आणि आजूबाजूचे लोक पाहत राहतात, असे आजही कुठे ना कुठे घडते. अशा वेळी तो माणूस आपला की परका, हे विचारायच्या आधी त्याचे म्हणणे कोणी ऐकले का, हे आपण विचारावे. नजाशीने तेच विचारले होते.