कॅसेट गेली, कुलूप आलं

डिशच्या पेटीला हार्ड डिस्क जोडून क्रिकेटचा सामना रेकॉर्डिंगला लावला आणि सव्वा तासानं रेकॉर्डिंग थांबलं, की पहिला संशय डिस्कवर जातो. नवी आणली, तरी तीही तिथंच अडते. हे दुखणं बहुधा १९९६ सालचं असतं. त्या वर्षी मायक्रोसॉफ्टनं विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीत फॅट३२ ही फाइल सिस्टिम आणली. तिच्यात एक फाइल ४ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही. एचडी वाहिनी सेकंदाला ८ मेगाबिट वेगानं येत असेल, तर तासाला साडेतीन जीबीहून अधिक जागा लागते. काही पेट्या फाइलचे तुकडे पाडून पुढे जातात. काही मुकाट्यानं थांबतात.

व्हिडिओ कॅसेटला असले नखरे नव्हते. सोनीची बीटामॅक्स १९७५ मध्ये आली, जेव्हीसीची व्हीएचएस १९७६ मध्ये. ई-१८० कॅसेटवर तीन तास मावत, आणि घरी रेकॉर्ड केलेली कॅसेट शेजाऱ्याच्या व्हीसीआरवरही चाले. हॉलिवूडला खुपलं ते हेच. युनिव्हर्सल आणि डिस्ने यांनी १९७६ मध्ये सोनीला कोर्टात खेचलं. १७ जानेवारी १९८४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला: कार्यक्रम नंतर पाहण्यासाठी घरी रेकॉर्ड करणं बेकायदा नाही. कायमचा संग्रह करण्याचा प्रश्न मात्र त्या निकालानं सोडवला नाही.

पुढे त्याचं उत्तर तंत्रज्ञानानं दिलं.

१९९९ मध्ये टिव्हो आणि रिप्लेटीव्ही अमेरिकेच्या बाजारात आले आणि कॅसेटची जागा हार्ड डिस्कनं घेतली. टिव्होच्या सुरुवातीच्या लहान यंत्रात साधारण दर्जाचं १४ तासांचं रेकॉर्डिंग मावे. उपग्रहावरून येणारा संदेश तर आधीच डिजिटल. १८८ बाइटच्या पॅकेटांची ती रांग पेटीनं जशीच्या तशी डिस्कवर उतरवली की झालं. पण पैसे भरून पाहायच्या वाहिन्यांचं रेकॉर्डिंग डिस्कवरही कुलूपबंदच राहतं, आणि किल्ली पेटीकडे. २००७ मध्ये अमेरिकेतल्या डिश नेटवर्कनं एकदाच भरायचं शुल्क घेऊन बाहेरची डिस्क जोडण्याची सोय दिली. जोडताक्षणी पेटी ती डिस्क आपल्या पद्धतीनं फॉरमॅट करी. आधीचं सगळं पुसलं जाई आणि विंडोजच्या संगणकाला ती वाचताही येत नसे.

भारतात टाटा स्काय २००६ मध्ये आलं आणि २००८ मध्ये टाटा स्काय प्लस. त्यातली डिस्क पेटीच्या पोटातच होती. एक वाहिनी बघताना दुसरी रेकॉर्ड व्हावी म्हणून दोन ट्यूनर, आणि त्यासाठी छतावरून दोन केबल. एक सैल झाली की निम्मीच रेकॉर्डिंगं फसत. पुढे डिश टीव्ही आणि व्हिडिओकॉन डी२एच यांनी यूएसबी पोर्ट दिलं आणि ‘डिस्क तुमची तुम्ही आणा’ असा मामला झाला. पेटी स्वस्त पडली, पण कटकट घरात आली. किल्ली एकाच पेटीशी बांधलेली असेल, तर बिघडलेली पेटी बदलल्यावर जुनी रेकॉर्डिंगं डिस्कवर दिसतात, चालत मात्र नाहीत.

उरलेल्या तक्रारी विजेच्या आणि पावसाच्या. २००० सालच्या यूएसबी २.० नियमानुसार पोर्ट ५ व्होल्टवर जेमतेम ५०० मिलिअँपिअर देतं. तबकडी फिरू लागताना त्याहून जास्त वीज ओढते. मग दिवा लागतो, टकटक ऐकू येते, पण डिस्क सापडत नाही. स्वतःचा अडॅप्टर असलेली डिस्क घेतली की हा प्रश्न मिटतो. पावसाळ्यात केयू बँडच्या लहरी सरींत विरतात आणि चित्राचे चौकोन रेकॉर्डिंगमध्येही तसेच उतरतात. थेट प्रक्षेपण बघतानाही ते दिसत असतील, तर डिस्क तपासण्यात अर्थ नाही. छत्रीची दिशा आणि केबलचे जोड पाहावे लागतात.

दूरदर्शनच्या मोफत सेवेचं गणित वेगळं आहे. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावानं सुरू झालेल्या आणि आता डीडी फ्री डिश म्हणवणाऱ्या या सेवेतल्या एमपेग-२ वाहिन्यांना कुलूप नाही. बाजारात मिळणाऱ्या अनेक साध्या पेट्या त्या पेन ड्राइव्हवर उतरवतात. सह्याद्रीवरचा कार्यक्रम असा उतरवला, तर तो पेटी बदलल्यावरही संगणकावर लावता येतो आणि शेजाऱ्याला देताही येतो.