बाटल्या, अफू आणि जे. जे. हॉस्पिटल

आमच्या बीड जिल्ह्यात अमक्याला 'मुंबईला जेजेत हलवलं' असं कानावर आलं, की ऐकणारा समजून जातो, दुखणं मोठं आहे. पण हे जे. जे. म्हणजे कोण, असं विचारलं तर बरेच जण गप्प बसतात. म्हणून आज त्यांच्याविषयी.

सर जमशेटजी जीजीभाई. जन्म 1783 चा. 1799 साली, सोळाव्या वर्षी, आईबाप दोघांचंही छत्र गेलं. मुंबईत मामांकडे आसरा मिळाला. मामांचा धंदा जुन्या बाटल्या घेण्या-विकण्याचा, म्हणून नाव 'बाटलीवाला'. शिक्षण बेताचं, व्यवहाराची इंग्रजी कामापुरती. 1803 मध्ये मामांचीच मुलगी आवाबाई यांच्याशी लग्न झालं. 1807 पर्यंत या माणसाने चीनच्या पाच सफरी केल्या. 1805 साली तर फ्रेंचांनी जहाजच पकडलं, होतं नव्हतं ते गेलं. पण त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा डॉक्टर भेटला. पुढे तो चीनमधला बडा व्यापारी झाला आणि जमशेटजींचा भागीदारही.

माल कोणता? कापूस आणि अफू. माळव्यात पिकलेली अफू पेट्यांत भरून मुंबईहून चीनकडे जाई. चीनच्या बादशहाची बंदी होती, म्हणून ती किनाऱ्यापाशी चोरून उतरवायची. बदल्यात चांदी यायची. 1839 साली चिनी अधिकारी लिन याने वीस हजारांहून जास्त पेट्या नष्ट केल्या, आणि त्यावरून युद्ध पेटलं. 1842 मध्ये चीन हरला. त्याच वर्षी जमशेटजींना 'सर' ही पदवी मिळाली, असा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. 1857 मध्ये ते बॅरोनेट झाले.

आता दुसरी बाजू. 1845 मध्ये त्यांच्या देणगीतून रुग्णालय सुरू झालं. त्याच साली माहीम-वांद्रे रस्ता खुला झाला. त्या खाडीत होड्या उलटून माणसं बुडत. आवाबाईंनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले. माहीममधल्या लेडी जमशेटजी रोडला त्यांचंच नाव आहे. कलाशाळेसाठी एक लाख दिले, ती 1857 मध्ये सुरू झाली. पुण्याच्या पाण्यासाठी मुळा-मुठेवर बंधारा बांधायलाही मोठी रक्कम दिली. 1859 मध्ये ते वारले.

शाळेत अशा माणसाचा धडा लिहायचा झाला, तर आपण बाटल्यांपासून थेट दवाखान्यावर उडी मारतो. मधली अफूची पेटी गाळतो. काही जण उलट करतात, अफू सांगून दवाखाना विसरतात. मला दोन्ही पटत नाही. कँटनमध्ये अफूने कुणाचं तरी घर बसलं आणि त्याच पैशातून मुंबईत कुणाचा तरी जीव वाचला. ही वजाबाकी कुणालाच जमणार नाही.

शिक्षक म्हणून माझं मत एवढंच, की मुलांना दोन्ही गोष्टी एकाच तासात सांगाव्यात. देणगीदारांच्या पाट्या आजही गावोगाव लागतात. पाटी वाचताना 'किती दिले' याबरोबर 'कुठून आले' हेही विचारायची सवय लागली, तर इतिहास शिकवल्याचं सार्थक झालं. आणि जेजेत बरा होऊन आलेल्या माणसाने आवाबाई-जमशेटजींचे आभारही मानावेत, त्यात काही वावगं नाही.

तुम्हाला काय वाटतं, मंडळी?